मीठ वाढलेला गालिचा

आमच्या अक्का कोणाच्याही घरी गेल्या की आधी खाली बघायच्या. माणसं नंतर. खाली गालिचा, सतरंजी, पायपुसणं, काहीही अंथरलेलं दिसलं की बाईंचं भान गेलंच म्हणून समजा. गुडघे टेकायच्या, पर्समधून भिंग काढायच्या आणि कोपरा उलटून मागची बाजू बघायच्या. यजमान पाण्याचा ग्लास घेऊन उभे आणि पाहुणी जमिनीवर! एकदा जळगावात एका बँकेच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये त्यांनी हा प्रकार केला. मॅनेजर बिचारा नवा होता. त्याला वाटलं, बाईंना चक्कर आली. त्यानं घंटी वाजवली, शिपाई धावत आला, कुणीतरी कांदा फोडून आणा म्हणालं. तेवढ्यात टेबलाखालून अक्कांचा आवाज, "अहो थांबा जरा, किनार मोजतेय."

मी सोबत होते. कुठं तोंड लपवू असं झालं होतं मला. पण खरं सांगू का, परत येताना रिक्षात आम्ही दोघी इतक्या हसलो की रिक्षावाल्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात त्यांच्या रो-हाउसच्या पुढच्या खोलीत त्यांचा डिझाइनचा क्लास होता. तीन कॉम्प्युटर, त्यांच्यावर जुन्या साडीची शिवलेली झाकणं, आणि दाराबाहेर पाटी: येथे लग्नपत्रिका, बॅनर व व्हिजिटिंग कार्ड करायला शिकवतात. ही पाटी म्हणजे शुद्ध फसवणूक. मी यावलकडची. बी.कॉम. होऊन मामाकडे राहायला आले होते आणि घरात बसून बसून डोकं फिरायची वेळ आली होती. मामी म्हणाली, "जा बाई, बॅनर शिकून घे. आजकाल लोक कुत्र्याच्या वाढदिवसालासुद्धा बॅनर लावतात." म्हणून गेले.

पहिल्या दिवशी अक्कांनी मला खुर्चीवर बसवलं, कोरी पांढरी फाईल उघडून दिली आणि म्हणाल्या, "गालिचा काढ."

"मला बॅनर शिकायचाय," मी म्हटलं.

"बॅनर कोणीही करतं. फोटो ठोकला, नाव ठोकलं, वर 'शुभेच्छुक' ठोकलं, झालं. गालिच्यात लपायला जागा नसते. तो आला की बाकीचं सगळं आपोआप येतं."

झालं. चार महिने मी फक्त गालिचे काढत होते. माझ्या आधीच्या पोरांनीही तेच केलं होतं. जळगाव-धुळ्याच्या कितीतरी छापखान्यांत आज अशी माणसं बसलेली आहेत, ज्यांना झोपेतून उठवलं तरी गालिचा काढता येतो आणि लग्नपत्रिका मात्र त्यांनी नोकरी लागल्यावर स्वतःच्या हिमतीवर शिकलेली आहे.

ज्यांनी हा उद्योग कधी केला नाही त्यांना वाटेल, त्यात काय मोठंसं! खरंच मोठं काही नाही. एक छोटी नक्षी काढायची. ती गालिच्याच्या एका चतकोरात बसवायची. मग त्या चतकोराची नक्कल करून आरशासारखी पालटायची, पुन्हा पालटायची, की चारी कोपरे भरले. मग किनार. मग सगळ्यावर केसाएवढ्या बारीक आडव्या रेघा, म्हणजे विणल्यासारखं दिसतं. थोडा दाणेदारपणा, म्हणजे लोकर वाटते. दोन्ही टोकांना गोंडे, ते मात्र एकेक हातानं. आणि शेवटी खाली फिकट सावली, म्हणजे तो हवेत तरंगत नाही, जमिनीवर बसतो. या प्रत्येक गोष्टीचा वेगळा थर असतो, कॉम्प्युटरच्या भाषेत लेअर. अक्का म्हणायच्या, "गोधडीच्या पोटात किती लुगडी आहेत ते वरून दिसतं का? पण ऊब त्यांचीच असते." एवढं सांगून त्या जायच्या आणि आम्ही थर मोजत बसायचो.

मग भिंग घेऊन यायच्या. पडदा आठपट मोठा करायच्या आणि वर भिंग लावायच्या. मी एकदा म्हटलं, "अक्का, आठपट केलंय ना, मग भिंग कशाला?" तर म्हणाल्या, "तू डोळ्याला चष्मा लावतेस ना? मग नाकातून श्वास कशाला घेतेस?"  

तिन्ही कीबोर्डवरचं झेडचं बटण त्यांनी चमच्यानं उचकटून काढून टाकलं होतं. का? तर कंट्रोल आणि झेड दाबलं की केलेली चूक पुसली जाते म्हणून. "मागावर बसलेल्या बाईला हे बटण असतं का? चुकलं तर तेवढ्या ओळी उसवायच्या, नाहीतर चुकीला सोबत घेऊन पुढं जायचं." ती तिन्ही बटणं त्यांनी कुंकवाच्या करंड्यात ठेवली होती. आता इंग्रजीत झेड लागणारी आडनावं आमच्या यावल भागात काही कमी नाहीत. असा एक गृहस्थ मुलाची पत्रिका इंग्रजीत करून घ्यायला आला. अक्कांनी करंडा उघडला, बटण बसवलं, त्याचं आडनाव टाइप केलं आणि बटण परत काढलं. बटणाला कुंकू लागलेलं. तो गृहस्थ हात जोडून उभा राहिला होता, देवाचं काहीतरी चाललंय असं समजून.

आणि फुलं! नवीन पोरगं हटकून कुठलंतरी परदेशी फूल काढायचं. अक्का विचारायच्या, "हे फूल पाहिलंयस?" पोरगं म्हणायचं, नेटवर. "वास कसा असतो?" पोरगं माऊस फिरवत बसायचं. "मग पूस. इराणातल्या बायांनी त्यांच्या परसातलं काढलं. तू तुझ्या बांधावरचं काढ." त्यामुळे आमच्या क्लासच्या गालिच्यांवर कपाशीची बोंडं, निंबाच्या डहाळ्या, वांग्याची जांभळी फुलं, एकदा तर ठिबक सिंचनाच्या नळ्यासुद्धा आल्या. ठिबकच्या नळ्यांची किनार अक्कांना इतकी आवडली की आनंदानं ओरडल्या, "भारी जमनं वं माय!"

कारण बाई खूश झाल्या की अहिराणी, रागावल्या की अहिराणी. त्यांचं माहेर धुळ्याकडचं. मधल्या साध्या वेळेत त्या अगदी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायच्या. त्यामुळे 'वं माय' ऐकू आलं की आम्ही आधी त्यांचं तोंड बघायचो, कौतुक आहे की कानउघाडणी ते कळायला.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र नुसती फरशी. एक चटईसुद्धा नाही. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, फार शांत माणूस. थंडीत पायमोजे घालून फिरायचे. मी विचारलं, "नाना, घरात एक गालिचा का नाही हो?" ते म्हणाले, "अजून तिच्या पसंतीचा मिळाला नाही. तीस वर्षं झाली. माझंही नशीबच म्हणायचं, मी कसा पसंत पडलो कोण जाणे."

आता शिरपूरचं सांगते, कारण खरा घोळ तिथं झाला.

अक्कांची एकुलती एक लेक, आमची ताई. तिला शिरपूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, शेती, कपाशी, सगळं जिथल्या तिथं. मुलाची आई जरा कडक आहे असं ऐकून होतो. घर बघायला म्हणून अक्का, नाना आणि मी गेलो. मला का नेलं? तर वाटेत बसमध्ये ताईच्या लग्नाच्या गालिच्याबद्दल बोलायला! मुलगा पसंत व्हायचा होता, पण गालिचा ठरायला लागला होता.

घरात शिरलो. दिवाणखान्यात मोठा लाल गालिचा.  नानांनी डोळे मिटून घेतले. अक्का पोह्यांच्या बशीकडे न बघता गुडघ्यांवर बसल्या, कोपरा उलटला, भिंग लावलं आणि होणाऱ्या विहीणबाईंकडे वर बघून अगदी मनापासून म्हणाल्या, "मशीनचा आहे हो हा. तुम्हाला हाताचा म्हणून दिला असेल, तर फसवलंय."

विहीणबाई पोह्यांवर खोबरं घालत होत्या, तो हात तेवढा थांबला. 

लग्न मोडलं नाही. मुलाला ताई फार आवडली होती आणि ताईलाही मुलगा. पण परतीच्या बसमध्ये अक्कांनी गालिच्याचं नावसुद्धा काढलं नाही.  अमळनेरच्या पुढं आल्यावर म्हणाल्या, "माझं तोंड. माझ्या या तोंडापायी पोरीला जन्मभर ऐकावं लागेल बघ. वाटी सांडली तरी म्हणतील, आई तशी लेक." नाना म्हणाले, "नाही गं." पण त्यांच्याही आवाजात जोर नव्हता.

तेव्हापासून अक्कांच्या डोक्यात एकच. लग्नाच्या दिवशी विहीणबाईंचा असा मान करायचा की तो पोह्यांचा दिवस धुऊन निघाला पाहिजे. आमच्याकडे वरमायला जानोशापासून मांडवापर्यंत पायघड्यांवरून आणतात. जानोसा म्हणजे वऱ्हाड उतरतं ती जागा. परीट पांढरी लुगडी अंथरत पुढं पुढं जातो, वरमाय त्यावरून ठुमकत येते, आणि मध्ये कुठं जमीन दिसली की रुसून उभी राहते. हे सगळं हौसेचं असतं. पण कडक विहीण असली तर हौसेचं खरं व्हायला वेळ लागत नाही. अक्का म्हणाल्या, "लुगडी नाहीत. जमीन दिसायलाच नको. जानोशाच्या दारापासून मांडवाच्या दारापर्यंत एकसंध गालिचा. चाळीस फूट. आपला. फ्लेक्सवर छापून घेऊ."

आणि माझ्याकडे वळून, "नक्षी तू काढायची."

माझी छाती अभिमानानं अशी फुगली! तोवर अक्कांनी माझ्या एकाही गालिच्याला 'झाला' म्हटलं नव्हतं. 'चाललाय' म्हणायच्या फक्त. मी यावलची, माझ्या बांधावर काय असणार? केळी. मी केळीचं पान काढलं. अख्खं, लांबसडक, मधली शीर फिकट, कडेला वाऱ्यानं पडलेल्या दोन चिरा. हिरव्याच्या नऊ छटा लावल्या. ते पान गालिच्याच्या एका कडेनं ओळीनं मांडलं, वीस वेळा. मग शिकल्याप्रमाणे ती ओळ आरशासारखी पालटून दुसऱ्या कडेला टाकली. मधोमध कपाशीच्या बोंडांचा पट्टा.

अक्कांनी बघितलं आणि अहिराणी सुटली. "हाई काय कयं वं माय? या बाजूचं पान उलटं! शेंडा उजवीकडे? असं पान कोण मांडतं?"

"नक्षी आहे अक्का, पालटली की शेंडा तिकडेच जाणार."

"अशुभ दिसतं ते. पालटू नको. अख्खी ओळ गोल फिरव."

मी फिरवली. आता इकडून बघा की तिकडून बघा, प्रत्येक पानाचा शेंडा डावीकडे. अक्कांचं समाधान झालं. मला मात्र पानाच्या वरच्या बाजूचा डावा कोपरा जरा मोकळा वाटत होता. तिथं मी एक छोटं पांढरं फूल टाकलं. बारीक, चिमूटभर. अक्का म्हणाल्या, "हां! आता भरलं."

दोघी शहाण्या! चार महिने त्या पडद्यात नाक खुपसून बसलो, आठपट मोठं करून, भिंग लावून. लांब उभं राहून एकदा तरी बघावं? नाही सुचलं.

लग्न मे महिन्यातलं. पिंप्राळ्यातच मोकळ्या मैदानात मांडव, समोरच्या शाळेत जानोसा. सकाळी दहालाच जळगावचं ऊन असं की डांबर मऊ झालेलं. आम्ही गालिचा उलगडला. काय दिसत होता सांगू! गोंड्यांची सावलीसुद्धा खरी वाटत होती. जाणारे येणारे कडेकडेनं जात होते. वाजंत्री सुरू झाली, जानोशाचं दार उघडलं आणि विहीणबाई जरीच्या हिरव्या साडीत बाहेर आल्या. मागं चाळीसेक बायका. अक्का हात जोडून गालिच्याच्या या टोकाला. मी त्यांच्या मागं, कौतुकाचे शब्द ऐकायला कान टवकारून.

विहीणबाईंनी चप्पल काढली. उजवा पाय उचलला. खाली बघितलं. आणि पाय तसाच हवेत.

"हाई ते केयनं पान शे!" त्या म्हणाल्या, हे तर केळीचं पान आहे! मग वाकून, "आनि मीठ बी वाढेल शे!"

माझ्या डोळ्यांवरची पट्टी एका क्षणात उतरली. वीस पानं इकडं, वीस पानं तिकडं, समोरासमोर, प्रत्येकाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे, वरच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ. मी गालिचा काढलाच नव्हता. मी पंगत मांडली होती!

वाजंत्री थांबली. विहीणबाईंनी पाय मागं घेतला. "ज्याच्यावर जेवतात, त्या पानवर पाय कसा देऊ मी?"

मग जो गोंधळ उडाला! वऱ्हाडातले एक आबा म्हणाले, कडेनं चला. तर विहीणबाई म्हणाल्या, पायघड्या सोडून मातीतून? कुणी म्हणालं, वर पांढरी चादर टाका. "झाकलं म्हणून पान नाहीसं होतं का?" कुणी अतिशहाणा म्हणाला, मधल्या पट्ट्यावरून चला, वाढपी चालतात तसं. "मी वरमाय आहे का वाढपी?" त्यावर वऱ्हाडातल्या बायका फिसकन हसल्या आणि लगेच पदरात तोंड लपवलं. मांडवात गुरुजी माइकवरून ओरडत होते, मुहूर्ताला वीस मिनिटं राहिली, वरमायला आणा. आतून ताईचा मला फोन, "काय चाललंय गं बाहेर? इकडे सगळे म्हणतायत सासूबाई रुसल्या. आईनं परत काही बघितलं का उलटून?"

रडायलाच आलं मला. उन्हात मी पुढं गेले आणि म्हणाले, "विहीणबाई, नक्षी माझी आहे. चूक माझी आहे. अक्कांना बोल लावू नका."

त्यांनी माझ्याकडे वरून खाली बघितलं. "चूक?" त्या म्हणाल्या. "चूक असती तर चालून गेले असते. पान बरोबर मांडलंय, म्हणून तर पाय टाकवत नाही."

हे ऐकलं आणि मी अक्कांकडे पाहिलं. लेकीचं लग्न खोळंबलेलं, घामानं थबथबलेली बाई, पण चेहरा असा फुललेला! नाना घाईघाईनं त्यांच्या कानाशी लागले, "अगं म्हण की, नुसतं चित्र आहे ते. चित्रावर पाय ठेवायला काय हरकत? म्हण आणि मोकळी हो."

अक्कांनी तोंड उघडलं. मी बघत होते. 'चित्र' हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथंच अडकला. वर्षानुवर्षं पोरांना ओरडत आल्या होत्या, चित्र म्हणू नका, गालिचा म्हणा. आता कशा म्हणणार? एकीकडे लेक बोहल्याशी उभी आणि एकीकडे ही चाळीस पानं.  मग एकदम पदर खोचला आणि गरजल्या,

"मंग जेवाले बठा!"

"काय?" विहीणबाई.

"पान मांडलंय, मीठ वाढलंय, मग उभ्या का? बसा!"

आणि धावल्या की हो मांडवाच्या मागं, आचाऱ्याकडे! पंचावन्न वर्षांची बाई, पायात चप्पल नाही, त्या तापल्या मातीतून. बुंदीची बादली घेऊन आल्या. विहीणबाईंनी साडी सावरली. मग त्या जरीच्या साडीसकट, भर रस्त्यात, पहिल्या पानासमोर मांडी घालून बसल्या. त्या बसल्या म्हटल्यावर वऱ्हाडातल्या बायका कशाला मागं राहतात? इकडं वीस, तिकडं वीस. कुणी डोक्यावर पदर, कुणी छत्री, कुणी पर्स. अक्का मधल्या कपाशीच्या पट्ट्यावरून वाढत निघाल्या, प्रत्येक पानावर चिमूटभर बुंदी. "घ्या हो, सावकाश होऊ द्या!" आणि माइकवर गुरुजी, "सावकाश नको! सावकाश नको!"

विहीणबाईंनी ओंजळीत पाणी घेऊन त्या छापलेल्या पानाभोवती फिरवलं. डोळे मिटले. बुंदी तोंडात टाकली. पूर्ण चावून खाल्ली. मग म्हणाल्या, "झालं जेवण. आता पान उचला."

जेवण झाल्यावर पान काढून घेतात, त्यात काय विशेष! पण अक्का थबकल्या. चार महिन्यांचं काम, एकदाच अंथरलेलं, वरमायचं एक पाऊलसुद्धा न पडलेलं. मग गुडघ्यांवर बसल्या आणि मांडवाकडच्या टोकापासून गालिचा गुंडाळायला लागल्या. चाळीस फूट फ्लेक्स म्हणजे वजनदार प्रकरण. पाच फूट गेल्यावर धाप लागली. मी पुढं झाले तर मला हातानं मागं सारलं.

आणि पलीकडच्या टोकाला विहीणबाईसुद्धा गुडघ्यांवर! "पाहुण्यानं पान उचलायचं नसतं," कुणीतरी म्हणालं. "गप रे," त्या म्हणाल्या आणि लागल्या गुंडाळायला. दोन विहिणी, दोन्ही टोकांकडून, नऊवार आणि जरी आणि घाम, आणि दोन्ही बाजूंना पंगतीतून उठलेल्या बायका ओरडतायत, इकडून लवकर, तिकडून लवकर, शर्यत असल्यागत. मधोमध दोघी भिडल्या. डोक्याला डोकं लागलं. अगोदर कोण हसलं ते मला सांगता येणार नाही, पण दोघी तिथंच मातीत बसून इतक्या हसल्या की वाजंत्रीवाल्यांनी आपोआप वाजवायला सुरुवात केली.

"आता पायघड्या कसल्या," विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "जेवून झालं, निम्म्या वाटेवर आले पण. चला, पोरं खोळंबलीत." आणि अक्कांचा हात धरून नुसत्या मातीतून मांडवात गेल्या. मुहूर्ताला दोन मिनिटं होती.

संध्याकाळी ताईची पाठवणी झाली तेव्हा ती गुंडाळी विहीणबाईंनी स्वतःच्या गाडीच्या टपावर बांधून घेतली. "जेवले त्याच्यावर," म्हणाल्या, "ते पान मी इथं टाकून नाही जाणार."

त्यानंतर पाच-सहा महिने अक्का तशा हसतखेळत असायच्या, पण ताईचा फोन आला की आधी आवाज ऐकायच्या, शब्द नंतर. बरी आहे म्हणते ते खरं बरी आहे का, हे शोधायच्या. कडक सासू एक दिवस हसली म्हणून काय झालं, पुढचं आयुष्य कुणी बघितलंय, असं एकदा मला म्हणाल्या. मी म्हटलं, "मग जाऊन बघा ना!" दिवाळीनंतर गेलो. मलाही नेलं.

शिरपूरच्या त्या घराच्या गच्चीवर गालिचा अंथरलेला होता आणि दोन्ही बाजूंना माणसं जेवायला बसली होती. खरी ताटं मांडली होती प्रत्येक पानावर. घरात चार माणसं जास्त आली की आता हाच काढतात म्हणे. अक्का अर्थातच गुडघ्यांवर. रांगत रांगत एकेक पान बघत निघाल्या आणि सातव्या पानाशी थांबल्या. तिथं हाताएवढा पिवळा डाग होता.

"वरणाचा आहे गं," ताई खाली बसत म्हणाली. "माझ्याच हातून सांडलं. अख्खी वाटी. सगळे पाहुणे बघत होते."

अक्कांचा चेहरा उतरला. हळूच विचारलं, "मग? कोणी बोललं का?"

ताई हसायला लागली. "सासूबाई बोलल्या ना. म्हणाल्या, पानवरच सांडनं ना, मंग?"

अक्का डागावर तळहात ठेवून बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी पुसलंही नाही. विहीणबाई जिन्यातून वर आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि मुकाट्यानं परत खाली जाऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लासला पोचले तर अक्का दारातच. "फाईल उघड. सातव्या पानावर वरणाचा डाग टाक."

"अक्का, छापून झालाय तो गालिचा!"

"म्हणून काय झालं? फाईलमध्ये अजून अर्धवटच आहे."

तीन दिवस मी तो डाग काढत होते. एक थर हळदीचा, एक डाळीचा, एक ओलेपणाचा, कडा जराशी सुकलेली. तिसऱ्या दिवशी अक्का आल्या, पडदा आठपट केला, भिंग लावलं आणि श्वास रोखून बघत राहिल्या. मी वाट बघत होते. आज तरी 'झाला' म्हणतील.

"तूप कमी शे," अक्का म्हणाल्या.